व्हेजीटेबल

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज झोप लवकर येईल असे दिसत नाही, म्हणून वही उघडली. कारण कोणाला सांगितले तर हसतील असेच आहे. एका शब्दाच्या उच्चाराने माझी सगळी संध्याकाळ खाल्ली, आणि तो शब्दही कसला, तर भाजीचा.

थोरलीचा फोन नेहमीप्रमाणे नऊला आला. तिच्याकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात, कारण मालदीवचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे. तिच्या शाळेला सुटी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे आमच्या गावात बाजार भरतो त्या दिवशी तिचा आठवडा सुरू होतो. आज सहावीला भाज्यांचा पाठ होता. तिने फळ्यावर शब्द लिहिला आणि 'व्हे-जी-टे-बल' असा चार तुकड्यांत, खणखणीत वाचला. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि हळूच म्हटले, "मिस, व्हेज्टबल." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, हे तिने मला दोनदा सांगितले. सांगून ती हसली, मीही हसलो. मग ती म्हणाली, "बाबा, ते तुमचंच व्हेजीटेबल होतं," आणि पुन्हा हसली. पण हे दुसरे हसू एक क्षण उशिरा आले. त्या एका क्षणापाशी मी अजून बसलेलो आहे.

इतक्या लांबून येणारा आवाज कधीकधी अडखळत येतो, हे मला समजते. तरीही.

ती म्हणाली ते खरेच आहे. तो शब्द तिला मीच दिला. जून २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा ती पहिलीत होती आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली ती पहिली माझ्याचकडे होती. मी स्वतः इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत गिरवले होते. डी. एड. मराठीतून झाले. काही दिवसांचे प्रशिक्षण आटोपून परत आलो तेव्हा हातात चित्रांचे रंगीत पुस्तक होते आणि समोर पऱ्हाटीच्या वावरातून थेट वर्गात येऊन बसलेली तीस-पस्तीस लेकरे. इंग्रजी बोलणारा माणूस मी तोवर रेडिओवरच ऐकला होता, तोही बातम्यांपुरता. तेव्हा शब्द जसा लिहिलेला दिसला तसाच वाचला, आणि पुढे मोठ्या वर्गांना शिकवू लागलो तेव्हा त्या उणिवेचीच मी पद्धत करून टाकली. 'वेड-नेस-डे' असे म्हणून घेतले की बुधवारातला 'डी' कोणी विसरत नसे. बेटासाठीचा शब्द 'इस-लँड' म्हणूनच पाठ करून घेतला. माझ्या मुलांची स्पेलिंगे चुकत नसत, याचा मला फार अभिमान होता. आज वाटते आहे की इतक्या वर्षांत इंग्रजी ऐकू येईल असे मी शिकवलेच नाही, डोळ्यांना दिसेल तेवढेच शिकवले, आणि गावातली दोन पिढ्यांची मुले ती खोट घेऊन कोठे कोठे गेली असतील. पुण्यात मुलाखती दिलेल्यांपैकी कोणी कधी येऊन मला बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. बहुधा मास्तरांना काय सांगायचे म्हणून गप्प राहिले असतील, आणि हे जास्त लागते.

थोरलीने पहिले तीन आठवडे कसे काढले ते मला ठाऊक आहे. बेट इतके लहान की पाऊण तासात चालून प्रदक्षिणा पूर्ण होते. त्या देशात सुमारे १२०० बेटे आहेत आणि माणसांची वस्ती असलेली २०० सुद्धा नाहीत, असे तिने जाण्यापूर्वीच मला नकाशावर दाखवले होते. नकाशावर ते मोहरी सांडल्यासारखे दिसते. तेथे खोदले तर पाणी मचूळ लागते, म्हणून प्यायला पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. भाजीपाला बहुतेक बाहेरच्या देशांतून बोटीने येतो. सकाळी रोशी म्हणजे आपली पोळीच, पण तिच्याबरोबर टूना मासा, ओले खोबरे, कांदा आणि मिरची कुस्करलेली. आमच्या माळकऱ्याच्या घरातली मुलगी ते खाते की नाही, हे मी विचारलेले नाही. तिनेही सांगितलेले नाही. त्या काळात ती फोनवर फार कमी बोलत असे आणि बोलायची तेव्हा नाक ओढत असे. समुद्राच्या हवेने सर्दी होते म्हणे. ते असो.

मुद्दा असा की अलीकडे ती खुलली होती. तेथील धिवेही भाषा तिला मजेची वाटू लागली होती. मुलांची ती वही उजवीकडून उघडते आणि इंग्रजीची डावीकडून, त्यामुळे दप्तर भरताना तिचाच गोंधळ होतो, असे ती सांगत होती. मागच्या आठवड्यात तिने मला तेथील आकडे म्हणून दाखवले. तीनला तिनेह, पाचला फहेह. मासा म्हणजे मस. आणि पाणी म्हणजे फेन. मूळ आपल्यासारखेच, फक्त 'प'चा त्यांनी 'फ' करून टाकला. आम्ही दोघे त्यावर अर्धा तास बोलत होतो. शिक्षक शिक्षकाशी बोलतो तसे ते बोलणे होते, इतके चांगले बोलणे आमच्यात वर्षभरात झाले नव्हते. आणि आज हे व्हेजीटेबल मध्ये येऊन बसले.

तो क्षण लाजेचा होता काय? माझी लाज वाटली असेल, की माझ्यासमोर ते सांगितल्याची? की परक्या मुलुखात, नव्या नोकरीत, वीस मुलांसमोर उभे असताना तिला जे वाटले ते हसण्यावारी नेता नेता मध्येच उघडे पडले, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नाही? या तिसऱ्या शक्यतेने मला बरे वाटायला हवे होते, उलट अधिकच वाईट वाटले.

जेवणानंतर माळ्यावरून जुना शब्दकोश काढला. पाठीला उंदराने कुरतडलेला आहे. शब्द सापडला. त्याच्यापुढे उच्चाराची ती बारीक चिन्हे होती, त्यांत एक उलटा केलेला 'ई' होता. हा उलटा 'ई' मी माझ्या सबंध नोकरीत हजारदा पाहिला असेन, आणि प्रत्येक वेळी तो छापखान्याचा काहीतरी खेळ आहे असे समजून सरळ अर्थावर गेलो. उत्तर माझ्याच घरात, माळ्यावर, पिशवीत बांधलेले होते! येथे मला पहिल्यांदा हसू आले, आणि ते उशिरा आले नाही. गंमत अशी की यवतमाळच्या रस्त्यावरील ढाब्यावर मी 'व्हेज' असेच मागवतो. 'व्हेजी' असे मी कधीही म्हटलेले नाही. म्हणजे निम्मा शब्द मला येत होता. उरलेल्या निम्म्याचे म्हणाल, तर पाण्याचे फेन करणाऱ्यांना तरी कोणी हात वर करून अडवले होते?

मग अंगणात गेलो. परवा सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली, उद्यापासून पहिल्या वेच्याला बाया येणार, पहाटे उठायचे आहे, हे सर्व ठाऊक असूनही वांग्याच्या वाफ्यापाशी उभा राहून मी ते म्हणत होतो. व्हेज्टबल. व्हेज्टबल. जीभ 'जी'पाशी पोहोचते आणि जुन्या बैलासारखी ओळखीच्या वळणावर आपोआप वळते. दहाव्या-बाराव्या वेळी नीट निघाला असावा, कारण तेवढ्यात हिने आतून विचारले, "अंधारात कोनाशी बोलून राहिले?"

"वांग्यांशी," मी म्हणालो.

ती दारात आली, वाफ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "उद्या भरीतच करते मंग," ती म्हणाली. "पन फोनवर तिले सांगू नका. तिथं भाजीले लय पैसे लागतात."