पोच

शुक्रवार, रात्री साडेदहा

सामाजिक न्याय दिन 26 जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला. पण तेव्हा आमच्या विभागात प्रवेश चालू असतात, ऐकायला खुर्च्यांशिवाय कोणी नसतं. म्हणून आमचा सामाजिक न्याय दरवर्षी जुलैत येतो. आज आला.

व्याख्यानाची जबाबदारी माझ्याकडे. म्हणजे हार, माइक, पाण्याची बाटली, शाल (मागच्या वर्षीच्या गठ्ठ्यातली), दोन वर्गांतली पोरं गोळा करणं आणि अक्षांश-रेखांश उमटतील असे चार फोटो. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला भाषण लागत नाही, फोटो लागतात. मागच्या रांगा रिकाम्या दिसू नयेत म्हणून सगळ्यांना पुढे सरकवलं. मी तासिका तत्त्वावर. आजचे दोन तास बुडाले, आणि व्याख्यानाची धावपळ काही तासिकेत धरत नाहीत.

पाहुण्या निवृत्त तहसीलदार. तलाठी म्हणून लागल्या, बढत्या घेत वर गेल्या. खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी गेली. नुसत्या सनावळ्या. 26 जुलै 1902, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा हुकूम. मग निरनिराळ्या जातींची वसतिगृहं. मग 1917, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. स्पर्धा परीक्षेच्या नादात आमच्या पोरांनी हे इतकं घोकलंय, की मॅडमनी वाक्य सुरू करावं आणि मागून कोणीतरी साल पुरं करावं. मीही हजेरीचा कागद कुठवर पोचला तेच बघत होते.

मधेच त्यांनी विचारलं, "पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला दंड किती होता?"

मागून उत्तर आलं, "महिन्याला एक रुपया."

"बरोबर. आता सांगा, तुमचा दाखला मुदतीत नाही दिला तर अधिकाऱ्याला दंड किती?"

कोणीच बोललं नाही. मलाही येत नव्हतं. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा, 500 ते 5000 रुपये. दहा वर्षं राज्यशास्त्र शिकवतेय मी. कायद्याचं नाव ठाऊक होतं, उद्दिष्टंही सांगितली असती. आकडा नव्हता ठाऊक.

तिथून मात्र त्या रंगल्या. शाहूंनी 1918 मध्ये गावच्या दप्तराची पिढीजात कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी आणले, अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसांनाही तलाठी केलं, हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "त्याच जागेवर बसून मीही लोकांना 'उद्या या' म्हटलेलं आहे. कधी खरंच काम असायचं. कधी नसायचं." निवृत्त अधिकारी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी त्यांच्या काळात सगळं वेळेवरच व्हायचं.

प्रश्नोत्तरांत पहिल्या मुलाने प्रश्नाऐवजी भाषण केलं. दरवर्षी एक असतोच. मग एम.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली. कधी तोंड उघडत नाही वर्गात. म्हणाली, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला आलेला नाही, त्यापायी फीची सवलत अडकलीय. दोघंतिघं हसले. सरांनी घड्याळ बघत "वैयक्तिक प्रश्न नंतर" म्हटलं. पण मॅडम तोवर खाली उतरल्या होत्या.

"पोच आहे?"

मुलीने मोबाइल पुढे केला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. रेघांच्या वहीचं पान होतं. वर तिचं नाव, पुढे 'कागद मिळाले', खाली एक सही.

"हे कोणी दिलं?"

"गावातल्या सेतूवाल्याने. अर्ज भरला म्हणाला."

"तारीख नाही, अर्जाचा नंबर नाही. बाई, हा तुझा अर्ज तहसीलला गेलाच नसेल तर? मुदत कुठून मोजायची?" मग सावकाश सांगितलं. छापील पावती मागायची. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो, दाखला कधीपर्यंत द्यायचा तेही असतं. तो दिवस उलटला की पहिलं अपील, मग दुसरं, दोन्ही त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, नंतर सेवा हक्क आयोग. मुलगी हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेत होती. तिच्या मागच्या रांगेतल्या दोघी हळूच आपापल्या मोबाइलमधले फोटो उघडून बघायला लागल्या. मघाशी हसलेल्यांतलाही एक.

आभार मी मानले. साउंडवाल्याचं नाव राहिलं.

मार्चपासूनचं माझं मानधन आलेलं नाही. एप्रिलमध्ये अर्ज दिला होता. 'बघतो मॅडम' म्हणत भाऊसाहेबांनी तो खणात टाकला आणि मी हसून बाहेर पडले, कारण उगाच वाईटपणा कशाला. माझ्या मानधनाला तो कायदा लागू नाही, हे कळतं मला. पण पोचही मागितली नव्हती.

मघाशी अर्ज पुन्हा टाइप केला. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात शिक्क्यापुरती जागा सोडलीय. आवक-जावक सोमवारी अकराला उघडतं. माझा पहिला तास सव्वाअकराचा आहे.