मामा, मूसच नाही!

गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी येणं जमत नाही, यंदा जमलं. ऑस्ट्रियातल्या ग्राट्झहून निघालो तेव्हा तिथं बर्फ होता. सोलापुरात जानेवारीतही दुपारी पंखा लावावा लागला. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि समोर मामा. मामांनी एमआयडीसीत तीस वर्षं ॲल्युमिनियम ओतलंय. त्यांचा प्रश्न ठरलेला.

"काय करालास रे तिकडं?"

"तार वितळवतो."

"किती किलोची हीट?"

हीट म्हणजे एका खेपेला वितळवलेला धातू. झाली पंचाईत. माझी तार अर्धा मिलिमीटर जाड, बोटभर लांब. धातू निओबियम, २४७७ अंश सेल्सिअसला वितळणारा.

"मग मूस कसली?"

मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. ओतकामातला माणूस हेच विचारणार. इतक्या तापमानाला वितळलेला धातू मुशीलाच खायला लागतो. आणि मला तर पातळ धातूचे गुण मोजायचेत. मग मोजलं ते धातूचं की मुशीचं? म्हणून मामा, मूसच नाही. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम तारेत सोडायची, हजारो अँपिअर. पन्नासेक मायक्रोसेकंदांत तार तापते, वितळते आणि धडाम! मधल्या वेळात पातळ झालेली तार सांडत नाही, कारण सांडायला तिला वेळच नसतो.

तेवढ्यात सगळं टिपायचं. प्रवाह आणि व्होल्टेजवरून तारेत किती उष्णता गेली ते कळतं. कॅमेऱ्यात तारेची सावली येते. ती किती फुगली यावरून घनता निघते. तापमान मात्र पायरोमीटरनं, उजेडावरून. आलेख चढत जातो आणि मध्येच आडवा होतो: उष्णता चालूच आहे, पण ती सगळी वितळवण्यात खर्च होते. त्या आडव्या पायरीचं तापमान आधीच माहीत असतं, म्हणून पायरोमीटरचा हिशेब तिच्यावरच लावतो. (पहिल्या महिन्यात मी कॅमेऱ्याचा ट्रिगर जोडायला विसरलो. तार गेली, आवाज झाला, पडद्यावर काही नाही. उरलेला दिवस काच पुसण्यात.)

"उजेडाचं काय खरं नसतं," मामा म्हणाले. "ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, पण दिवसा लाल दिसतंय का? चांदीसारखं गप पडलेलं असतं. नवीन पोरं तिथंच भाजतात. थर्मोकपल बुडवायचं सरळ."

बुडवायला वेळ कुठाय, म्हटलं.

पण आकडे कशाला लागतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ॲल्युमिनियम गोठताना सुमारे सहा टक्के आकसतं. राइझर, म्हणजे ती घट भरून काढायला ठेवलेला जास्तीचा पातळ धातू, कमी पडला की जॉबमध्ये, ओतलेल्या वस्तूत, पोकळी. आता कॉम्प्युटरवर आधी ओतून बघतात, पण त्याला घनता, उष्णताधारकता असे पातळ धातूचे आकडे खरे द्यावे लागतात. मामांनी आयुष्यभर राइझर नजरेनंच ठरवले, आणि त्यांचे जॉब फारसे परत आले नाहीत, हेही सांगायला हवं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेपरात गुंडाळलेला एलएम सिक्स या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा आणून दिला. "याची तार ओढून बघ."

ओढली जाणार नाही. ओतायचा मिश्रधातू तो, सिलिकॉनमुळे तटकन तुटेल. कापून बारीक सळई करावी लागेल. तुकडा बॅगेत चटणीच्या डब्याशेजारी ठेवलाय. विमानतळावर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.