वडाळा ते जामखेड : आरोळे डॉक्टरांच्या वाटेने तीन दिवस

जामखेडवर, म्हणजे तिथल्या आरोळे डॉक्टर पतिपत्नींच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पावर, माझा जुना राग होता. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका प्रशिक्षणात सरांनी सांगितलं, की आरोळे डॉक्टरांनी आधी गावोगावी एएनएम, म्हणजे आमच्यासारख्या प्रशिक्षित नर्स, ठेवून पाहिल्या, त्या काही टिकल्या नाहीत, मग त्यांनी गावातल्याच अडाणी बायकांना शिकवलं आणि त्या बायकांनी काम करून दाखवलं. सर हसले, मागे बसलेले दोघे क्लार्क हसले. आम्ही चाळीसजणी एएनएम गप्प.

तीस वर्षं उपकेंद्रांत काढून निवृत्त झाले, तरी ते हसू काही विसरले नव्हते. नर्सिंगला माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण मूळची नगरची, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. तिला आरोळे पतिपत्नींची श्रद्धा जिथे घडली ती ठिकाणं बघायची होती. मला त्यांची चूक शोधायची होती. जानेवारीत दोघी निघालो.

महिना तोच धरा. डिसेंबर-जानेवारीत या भागात शाळू उभा असतो, हवा कोरडी आणि गार. एप्रिल-मे टाळा. गाव बघण्यासाठी गावातून चालावं लागतं आणि त्या उन्हात साठीच्या पुढचं माणूस चालू शकत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमचा प्रवासखर्च सांगण्यासारखाही झाला नाही.

पहिला मुक्काम नगर, म्हणजे आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं, त्यामुळे या जिल्ह्यातलं ख्रिस्तीपण चांगलं जुनं आणि पुरतं मराठी आहे. मैत्रिणीबरोबर रविवारच्या उपासनेला गेले. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं चालली होती. डोळे मिटून बसलं तर कीर्तनाला बसल्यासारखं वाटावं. पाळकसाहेब बोलताना सारखे ‘विश्वासणारे’ म्हणत होते. मी हळूच विचारलं, हे कोण? ती म्हणाली, “अगं, आम्हीच. आमच्यात श्रद्धेला विश्वासच म्हणतात.” तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

उपासनेला कुणालाही बसता येतं. चपला काढायच्या की नाही हे पुढच्या माणसाकडे बघून ठरवा, आणि मध्येच उठून फोटो काढू नका. मी उठले होते. मैत्रिणीने पदर धरून खाली बसवलं.

दुपारी वडाळ्याला. इथे एक इशारा. जिल्ह्यात वडाळे दोन आहेत. श्रीरामपूर तालुक्यातलं वडाळा महादेव वेगळं. आपल्याला हवं ते नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. कंडक्टरला नुसतं ‘वडाळा’ म्हणालात तर तो ‘कुठलं?’ म्हणेल आणि मागे रांग असेल. ‘वडाळा मिशन’ म्हणा.

या मिशनच्या दवाखान्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९६० च्या दशकात नोकरीला होते. रजनीकांत याच जिल्ह्यातले, आईवडील दोघेही शिक्षक. मेबलबाई जबलपूरच्या, वडील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात प्राध्यापक. दोघं भेटले वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९६० साली लग्न झालं आणि लग्नाच्याच दिवशी त्यांनी देवासमोर व्रत घेतलं, की आयुष्य खेड्यातल्या, कुणी विचारत नाही अशा माणसांसाठी घालवायचं. लग्नात असलं काही बोलायला खर्च येत नाही, खर्च पुढे येतो, असं मी म्हणाले. मैत्रीण माझ्याकडे बघून नुसती हसली.

वडाळ्यात बघण्यासारखं फार नाही. तासाभरात होतं. पण तिथे उभं राहिल्याशिवाय जामखेड का, हे कळत नाही. मिशनचे दवाखाने मोठे, डॉक्टर चांगले, सेवाभाव खरा. रोगी यायचा, बरा होऊन जायचा आणि तेच दुखणं घेऊन परत यायचा. धनुर्वाताचं बाळ, जुलाबाने सुकलेलं पोर, अंगावर रक्त नसलेली बाळंतीण. यातलं बहुतेक घरीच टाळता येण्यासारखं होतं. आणि सगळ्यात गरीब तर दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नव्हते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तीस वर्षं तीच पोरं तोलत होते.

पुढे दोघं शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. रजनीकांतांनी शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं, मेबलबाईंनी मेडिसिनचं, आणि दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं. तिथे राहता आलं असतं. १९७० साली ते जामखेडला आले. त्या वेळी जिल्ह्याच्या टोकाचा, दुष्काळी, रस्ते नसलेला तालुका तो. गावाने त्यांना जनावरांचा जुना दवाखाना दिला आणि काम तिथे सुरू झालं. ख्रिस्ताचा जन्म गोठ्यातला, ही आठवण मैत्रिणीने लगेच काढली. मी म्हटलं, गावाकडे रिकामी इमारत तेवढीच असेल. दोन्ही खरं असू शकतं.

सोमवारी सकाळी जामखेड. नगरहून चिचोंडी पाटील, कडा, आष्टी असा रस्ता आहे, साधारण पंचाहत्तर किलोमीटर. मध्येच बीड जिल्हा लागतो आणि जामखेडला पुन्हा नगर जिल्हा. नगरला माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक असे तीन स्टँड आहेत. तुमची गाडी कुठून सुटते ते आदल्या दिवशी विचारा, सकाळी रिक्षाने तिन्ही पालथे घालण्यात तासभर जातो. नगर-आष्टी रेल्वे २०२२ पासून सुरू आहे, पण आमच्या वेळेला ती जुळली नाही.

जामखेडात उतरल्यावर ‘ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ असं लांबलचक नाव घेऊ नका. आरोळेंचा दवाखाना म्हणा. कोविडच्या साथीत इथल्या उपचार केंद्राचं नाव गाजलं, त्यामुळे आता पोरंटोरंही रस्ता दाखवतात. प्रकल्पाला देशोदेशीचे विद्यार्थी शिकायला येतात, राहायची सोय आहे, पण आधी कळवून, हेतू सांगून, होकार आल्यावरच जा. दवाखाना चालू असतो, ते काही प्रेक्षणीय स्थळ नाही. आणि आरोग्यसेविका प्रशिक्षणाला कोणत्या दिवशी जमतात ते विचारून मगच तारीख ठरवा. त्या दिवशी गेला नाहीत तर इमारती बघून परत याल.

आता माझ्या रागाचं. आरोळेंनी खरोखरच सुरुवातीला गावात एएनएम ठेवल्या होत्या. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, परक्या गावात एकटी, रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही हा प्रश्न, आणि गावातली बाई तिला मनातलं सांगणार नाही ती नाहीच. मग एका गावपुढाऱ्यानेच सुचवलं, की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. त्यातून आरोग्यसेविका उभी राहिली. गावाने निवडलेली, बहुधा दलित किंवा तशाच खालच्या मानलेल्या जातीची, पुष्कळदा निरक्षर, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, एकत्र जेवायचं, परत जायचं. एकत्र जेवायचं हे त्या काळी औषधाहून अवघड होतं.

हे ऐकल्यावर मला राग धरता येईना. पहिल्या उपकेंद्रात कडीला आतून दोरी बांधून झोपायचे मी. पण एएनएम टिकल्या नाहीत हे सांगताना आमच्या सरांनी दाराची गोष्ट का वगळली, हा राग शिल्लक आहे. तो जामखेडवरचा नाही.

एका म्हाताऱ्या सेविकेशेजारी बसायला मिळालं. तिने माझा हात हातात घेऊन विचारलं, “किती बाळंतपणं केली गं?” मी आकडा सांगितला. तिने स्वतःचा सांगितला नाही, नुसती मान हलवली, आणि पायाळू मूल असलं तर मी काय करायचे ते विचारू लागली. एखादी मेट्रन तोंडी परीक्षा घेते तसं. मी नीट उत्तरं दिली, पास झाले असावे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे जन्मणाऱ्या दर हजारात १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. पुढे ती संख्या पन्नासच्याही खूप खाली आली. बाळंतपणाला उकळलेलं पातं, जुलाबात पाणी न तोडता मीठ-साखरेचं पाणी पाजणं, वेळेवर लस, स्वच्छ विहीर, पोरांच्या ताटात थोडी डाळ. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांची माहिती छापली, त्यात जामखेड होतं. १९७८ ला आल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला, त्यामागे असे अनुभव होते. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांतांना पद्मभूषण.

मैत्रीण मात्र पहिल्या दिवसापासून प्रार्थना कुठे दिसते ते शोधत होती. दुपारी एका वाडीत आम्हाला हापसा दिसला. प्रकल्पाची जुनी गोष्ट अशी, की १९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा हापसे दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं तर वरच्या आळीने तिथे यायचं. भाषण नाही, मोर्चा नाही. तरुणांना एकत्र आणायला जातीपातीवर व्याख्यान न देता व्हॉलीबॉल मांडला. चेंडू कुणाच्या हातून आला हे बघत बसलं तर गुण जातो. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत केली नाही, बाकीच्यांबरोबर त्याच दवाखान्यात घेतलं. मैत्रीण हापशाच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, “हेच ते. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, आणि विहिरीवर परजातीच्या बाईकडे पाणी मागितलं.” मग तिने मला शोमरोनी बाईची सगळी गोष्ट सांगितली, मी ती पहिल्यांदा नीट ऐकली.

वाचणाऱ्यांतले काही विचारतीलच, धर्मांतर करतात का? सेविकांत हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळ्या आहेत, आणि माझ्या हातात कुणी धर्माचं पत्रक दिलं नाही. उलट मैत्रिणीलाच खंत होती, की इथे प्रभूचं नाव आणखी मोठ्याने का घेत नाहीत. नगरमधल्या एका ओळखीच्या बाईंनीही तिला तेच म्हटलं होतं. जिनिव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने या कामाला सुरुवातीला आधार दिला, तेव्हा चर्चच्या लोकांतही हाच वाद होता, की मिशनने मोठे दवाखाने चालवायचे की माणसं उभी करायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला तो नगरच्या उपासनेतला शब्द आठवला. निरक्षर बाईच्या हातात बाळंतपण सोपवणारे डॉक्टर. माझ्या रजिस्टरची पानं मोजणारे साहेब मी पाहिलेत, माझ्यावर एखादं गाव सोडून देणारा एकही नाही. विश्वास या शब्दाचे दोन अर्थ इथे वेगळे काढता येत नाहीत. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, “मग मी काय सांगत होते रविवारपासून?”

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, ती लिहिते. सेविका स्वयंसेवक म्हणून काम करतात, पगार नाही. पोटासाठी शेळ्या, छोटा धंदा, बचतगटाचं कर्ज असं उभं केलेलं असतं. त्यामुळे ती नोकर होत नाही, गावाचीच राहते, असं म्हणतात, आणि गावात तिचा मान दिसतोही. पण आरोळेंनी स्वतः व्रत घेतलं होतं. त्या बाईने घेतलं होतं का? मैत्रीण म्हणते घेतलं असेल, आपल्याला काय ठाऊक. आमचं यावर जमलं नाही.

मेबलबाई १९९९ ला गेल्या, रजनीकांत २०११ ला. काम आता मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांच्याकडे आहे. जयपूर पाय बनवण्याची छोटी कार्यशाळा आवारात आहे, ती चुकवू नका. माझा सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तिथे गेला.

हातात आणखी एक दिवस असेल तर तालुक्यात अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आहे, आणि खर्डा, जिथे १७९५ ला मराठे आणि निजाम लढले. पावसाळ्यात गेलात तर जवळच बीड जिल्ह्यातला सौताड्याचा धबधबाही. आम्ही चौंडी केली, खर्डा राहिला. जेवणाला भाकरी-पिठलं कुठेही चांगलं मिळतं. पाणी बरोबर ठेवा. आरोग्याचं काम बघायला येऊन पोट बिघडवून घेणारे पाहुणे तिथल्या लोकांनी पुष्कळ पाहिले असणार.

परतीच्या गाडीत कड्याच्या आसपास माझ्या जुन्या उपकेंद्राच्या आशा सेविकेचा फोन आला. मानधन तीन महिने थकलंय, ताई, तुमची कुणाशी ओळख आहे का? मी जामखेडला होते म्हणून सांगितलं. “काय बघायला गेला होतात?” म्हणाली. गाडीत आवाज फार होता. घरी पोचून फोन करते म्हटलं.