एकच गिटार, दोघांचे हात

दोन गिटारांसाठीच्या रचनेचं ध्वनिमुद्रण होतं आणि स्टुडिओत वाजण्याजोगी गिटार मात्र एकच होती. शिष्याच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा बांधायची पट्टी, प्रवासात उखडला होता. शेवटी सरांचीच नायलॉनच्या तारांची गिटार दोघांनी आळीपाळीने वाजवायची, दोन्ही भाग मी नंतर जुळवायचे, असं ठरलं. "सर, दोन्ही भाग एकाच माणसाने वाजवल्यासारखे येतील," शिष्य म्हणाला. त्याची काळजी रास्त होती. तारा, खुर्ची, मायक्रोफोन, त्याचं अंतर, काहीच बदलणार नव्हतं.

आवाजाची पातळी लावायला दोघांकडून पाचवी तार मोकळी वाजवून घेतली. सरांचा स्वर गोल, दाट, शिष्याचा धारदार. मला राहवेना. कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे दाखवणारे दोन्ही स्वरांचे आलेख पडद्यावर शेजारीशेजारी लावले. ही तार ११० हर्ट्झची, म्हणजे तिच्यात २२०, ३३०, ४४०, ५५० असे उपस्वर मिसळलेले असतात. सरांच्या आलेखात ३३० पाशी खड्डा होता, शिष्याच्या ५५० पाशी. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे त्या उपस्वरात तार न हलणारी जागा, येतो तो उपस्वर उमटतच नाही. मी टेप घेऊन आत गेलो. तार ६५० मिलिमीटर लांब. सरांचं बोट ब्रिजपासून साधारण २१७ वर, एक तृतीयांशावर. शिष्याचं १३० च्या आसपास, एक पंचमांशावर. बोट कुठे पडतं हे आलेखाने आधीच सांगितलं होतं!

शिवाय सर नखं ठेवत नाहीत. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांनीही अखेरच्या वर्षांत नखांनी वाजवणं सोडलं होतं. बोटाचं मऊ टोक तारेला रुंद टेकतं, त्यामुळे वरचे उपस्वर दबतात; नखाने तारेला टोकदार कोन पडतो आणि ते टिकतात.

मग शिष्याला सरांच्या जागेवर बोट ठेवून, नख न लावता वाजवायला सांगितलं. ३३० चा खड्डा आला, स्वर सरांच्या बराच जवळ गेला, तरी डोळे मिटून ऐकलं तर तो त्याचाच होता. तार सोडण्याची दिशा, सुटतानाचा वेग यांतलं काहीच उसनं घेता येत नाही. मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

मिश्रणात सर डावीकडे ठेवले, शिष्य उजवीकडे. दोघांच्याही वाहिनीवर इक्वलायझर, म्हणजे उपस्वरांचा जोर कमीजास्त करणारं साधन, बंद.