लेकीचं कोर्स सिलेक्शन

आज लेकीच्या शाळेत काउन्सेलरशी मीटिंग होती, पुढच्या वर्षी अकरावीला कुठले एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घ्यायचे ते ठरवायला. इकडे न्यू जर्सीत आपली मंडळी म्हणतात जितके जास्त तितकं बरं, पण बाईंनी तिला आधी विचारलं, रात्री झोपतेस किती वाजता? फार बरं वाटलं मला. एपी कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन कोर्स असतात; बीसी म्हणजे एबीतलं सगळं आणि वर सिरीज, पोलर वगैरे, कॉलेजच्या दोन सेमिस्टरचं गणित, पण तिला ते मनापासून हवंय म्हणून घेतलं. हिस्टरी मात्र साधीच, एपी नाही, कारण मे महिन्यात एपीच्या परीक्षा पाठोपाठ येतात आणि ५ पैकी ३ मिळाले तरी प्रत्येक कॉलेज क्रेडिट देतंच असं नाही. ऑर्केस्ट्राचा पिरियड तिने अजिबात सोडला नाही, त्याचा मला जास्त आनंद झाला.