डाग

फॉर्मवर डचमध्ये लिहिलं होतं: 'पुरुषाच्या छातीवर डाग. बहुधा मागाहून पडलेली शाई. काढता येईल का पाहावे.'

मी नेदरलँड्समधल्या एका ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करते. लोकांना वाटतं, दिवसभर खळ लावून चिकटवत बसत असेन. प्रत्यक्षात बुरशीचे ठिपके, पाणी वाळून राहिलेल्या तपकिरी रेघा आणि कसरीने पाडलेली भोकं बघत बसायचं, आणि दहातल्या आठ वेळा काहीही न करता कागद परत खोक्यात ठेवायचा, हे माझं काम. हात लावण्यापेक्षा हात आवरण्याचाच पगार जास्त. म्हणून 'काढता येईल का' वाचलं की माझं डोकं फिरतं. त्यात तो फॉर्म मूळ कागद न बघता, कुठल्यातरी जुन्या धूसर स्कॅनवरून भरलेला होता. हे आमच्याकडे सर्रास चालतं.

कागद स्टेडमनच्या पुस्तकातला होता. जॉन गेब्रिएल स्टेडमन हा डच सैन्याच्या स्कॉटिश पलटणीतला अधिकारी. सूरीनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत मळ्यांतून पळून जंगलात राहिलेल्या गुलामांशी लढायला तो १७७३ साली तिथे गेला आणि १७७७ पर्यंत राहिला. दिसेल ते त्याने चितारलं: पक्षी, मासे, झाडं, माणसं आणि माणसांना दिलेल्या शिक्षा. जोसेफ जॉन्सन या लंडनच्या प्रकाशकाने १७९६ मध्ये त्याचं पुस्तक दोन खंडांत काढलं. त्यात ऐंशी चित्रं. त्यातली सोळाएक तांब्यावर कोरली विल्यम ब्लेकने. हो, कवी ब्लेकच. त्याचं पोट कोरणीवर चालायचं.

बरगडीत आकडा अडकवून जिवंत टांगलेल्या माणसाचं चित्र याच पुस्तकातलं. अभ्यासक येतात ते बहुतेक तेच मागायला. माझ्यासमोरचं चित्र मात्र अगदी गोड होतं. लोआंगोचं एक गुलाम कुटुंब, ब्लेकनेच कोरलेलं. लोआंगो म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, आजच्या काँगो प्रजासत्ताकातला भाग. तिथून जहाजं भरभरून माणसं सूरीनामला आणली गेली. पुरुषाच्या डोक्यावर मासळीची टोपली, हातात मोठा मासा. गरोदर बायको सूत कातत चालली आहे, तोंडात चिलीम, पाठीवर मूल, शेजारी आणखी एक. मालकाने नीट वागवलं तर गुलाम असे सुखात राहतात, असं स्टेडमनने या चित्राबद्दल लिहिलंय. फळाची फोड, पान, बी एकाच पानावर मांडावं तशी माणसं मांडलेली. अंगावरच्या व्रणांवरून त्यांचं कूळ ओळखायचं, हेही तोच सांगतो.

दिवा टेबलाच्या पातळीला आणून मी आडवा उजेड पाडला. इथे आमच्या धंद्याचं थोडं सांगते, कारण यात मला कोणी सहसा चुकवत नाही. टाकाची जुनी शाई कागदाच्या तंतूंत उतरते, कडेने फुटते, वर्षांनी विटकरी होते. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली शाई वेगळी. ओला कागद पत्र्यावर दाबला की तो खाचांत शिरतो आणि आतली शाई उचलून आणतो. म्हणून प्रत्येक रेघ कागदावर किंचित उंच उभी असते. आडव्या उजेडात तिची बारीक सावली पडते.

छातीवरच्या डागाला सावली होती.

दहापट भिंग लावलं. डाग सुटा झाला. जे. जी. एस.

छापलेलाच आहे, मागाहून पडलेला नाही! मी खूश. चूक पकडल्याचा आनंद काय असतो ते या धंद्यातल्यांनाच कळेल. फॉर्मवर तिरकी रेघ मारली, चहा घेतला. चहा पिता पिताच लक्षात आलं, की जे. जी. एस. म्हणजे जॉन गेब्रिएल स्टेडमन.

मजकूर काढून वाचला. त्याने काही लपवलेलं नाही. ही माझ्या नावाची आद्याक्षरं, मालकाचं नाव म्हणून धरायची, अशा अक्षरांवरून मालकाला आपली मालमत्ता ओळखता येते, असं तो सरळ सांगतो. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो; याने माणसाच्या छातीवर केली. आणि पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. म्हणजे एस, जी, जे अशी उलटी अक्षरं ब्लेकला मुद्दाम, सावकाश, कोरणीचा हात न घसरू देता काढावी लागली असणार. चुकून झालेलं त्यात काहीच नाही.

फॉर्म भरणाऱ्या सहकाऱ्याचं मराठीत काहीच चुकलं नव्हतं. गुरांना देतात तोही डागच.

आमच्या घरी तांब्याच्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाव आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं. पंगतीला दिलेली भांडी परत ओळखू यावीत म्हणून. त्या रात्री मला तो घंगाळाचा काठ दिसत राहिला. तुलना करू नये हे कळतं. तरी दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी डिजिटायझेशनमधल्या मैत्रिणीला दाखवलं. तिची आजी पारामारिबोची, सूरीनामच्या राजधानीची. ती बराच वेळ भिंगातून बघत होती. मग म्हणाली, "नावं घालायची त्यांना हौसच होती." १८६३ ला गुलामी सुटली तेव्हा सुटलेल्यांना आडनावं दिली गेली, त्यातली काही मालकांचीच उलटीपालटी करून: विल्केन्सचं केन्सविल, डे फ्रीसचं फ्रीस्डे. तिचं स्वतःचं आडनाव कशावरून आलं, ते मी विचारलं नाही.

कागदाला मी हात लावला नाही. मऊ ब्रशने धूळ झटकली, तेवढंच. फॉर्मवर 'मालकी खुणा' असा रकाना असतो. ग्रंथालयाचे शिक्के, पुस्तकावर घातलेली नावं वगैरे नोंदवायला. मागच्या बाजूचा आमचा जुना शिक्का तिथे लिहिला. खाली लिहिलं: 'पुरुषाच्या छातीवर चित्रकाराची आद्याक्षरं, मालकाने दिलेल्या डागाच्या रूपात, मूळ छपाईतलीच.'

नोंदणी विभागाने दुसरी ओळ उडवली. तो रकाना कागदाच्या मालकांसाठी आहे, चित्रातल्या माणसांच्या नव्हे, असं उत्तर आलं. नियमाने बरोबरच आहे. वर्णनाच्या रकान्यात घाला म्हटलं, तर तिथे अक्षरमर्यादा आडवी आली. सध्या तिथे 'मासे घेतलेला पुरुष, स्त्री, दोन मुले' एवढंच आहे. माझी तिसरी मेल काल गेली.