शेकडा कशाचे?

आठवीत आम्हाला शेकडेवारी शिकवणारे सर फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आत आमची गुणाकाराची घाई सुरू व्हायची. सर खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "शेकडा कशाचे?" त्याचे उत्तर दिल्याशिवाय वहीत एक आकडाही लिहायची परवानगी नव्हती. माझ्या आयुष्यात या प्रश्नाइतका कामी आलेला दुसरा प्रश्न नाही. म्हणून शाळेच्या महोत्सवानिमित्त दुसरे काही न लिहिता त्याच्याबद्दलच लिहिते.

पुस्तकातली उदाहरणे ठरलेली असायची. एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना रेडिओ घेतला, तमुक रुपयांना विकला. नियम पाठ होता: शेकडा नफा किंवा तोटा नेहमी खरेदी किमतीवर काढायचा. पण आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुले कांदेवाल्यांची. निफाड तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरांत रेडिओचा नफा कुणाला कळणार? २०१४ च्या फेब्रुवारीत सरांनी सांगितले, घरून बाजारातल्या हिशेबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या, घेऊन या.

मी आण्णांच्या पट्ट्या नेल्या. एकरभर रांगडा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी निघणारा कांदा होता, चार खेपा झाल्या होत्या. सगळ्या मिळून १०० क्विंटल, सरासरी भाव ७०० रुपये. सरांनी फळ्यावर मांडले: विक्री ७०,००० रुपये. पट्टीवर अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन, शेकडा ४: २,८००. हमाली-तोलाई ७००. मिळून कपात ३,५००. "शेकडा किती?" वर्ग ओरडला, पाच. "कशाचे?" विक्रीचे. पुढे ट्रॅक्टरचे भाडे ४,५०० आणि रोपे, खत, औषध, मजूर, वीज मिळून शेतातला खर्च ५२,०००. एकूण खर्च ६०,०००. नफा १०,०००.

मग सरांनी वर्गाचे दोन भाग केले. एकाने नफा खर्चावर काढायचा, दुसऱ्याने विक्रीवर. एकीकडे १६.६७ आले, दुसरीकडे १४.२९. दोन्ही बाजू आपापले उत्तर बरोबर म्हणून भांडायला लागल्या. सर म्हणाले, "दहा हजार तेच आहेत. सहातला एक आणि सातातला एक, एवढाच फरक. गुंतवलेल्या शंभर रुपयांवर किती सुटले ते खर्चावरून कळते. हातात आलेल्या शंभरातले किती आपले उरले ते विक्रीवरून. कुणी नुसता 'एवढे टक्के' म्हणाला तर त्याला आधी विचारायचे."

एवढ्यावर तास संपला असता तरी चालले असते. पण सर माझ्या बाकापाशी आले. "आईची मजुरी कुठे धरलीस गं?"

मजुरांच्या यादीत आई नव्हतीच. ती पहाटे भाकरी टाकून रानात जायची, निंदणीला, काढणीला, कांदे कापायला, बायांच्या बरोबरीने. बायांचा रोज तेव्हा १२० रुपये होता. आईचे किती दिवस भरतील म्हणून सरांनी विचारले, मी अंदाजाने ६० सांगितले. ७,२०० रुपये. खर्च ६७,२०० झाला, नफा २,८०० उरला. खर्चावर शेकडा ४.१७. फळ्यावरचे १६.६७ सरांनी पुसले नाही, त्याच्या शेजारीच हे लिहिले. वर्गात कुणी बोलले नाही. आण्णांच्या हिशेबात चूक नव्हती, खिशातून गेलेला पैसा न् पैसा त्यांनी लिहिला होता. जो खिशातून गेला नाही तो कुणीच लिहीत नव्हते.

पुढे कॉलेजात कृषी खर्च आणि मूल्य आयोगाचे अहवाल वाचायला मिळाले. प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला तिथे 'ए-टू' म्हणतात आणि त्यात घरच्या माणसांचे श्रम धरले की 'ए-टू अधिक एफएल'. मला ते नवीन वाटले नाही, आठवीतला फळाच समोर आला.

आज मी आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब बघते. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने ठेवला की वजनात शेकडा ३०-४० घट येते. पुष्कळ जण म्हणतात, ३० टक्के घटला, तर भाव ३० टक्के वाढला की झाली भरपाई. मी कागद पुढे ओढते. १,००० रुपये भावाचे १०० क्विंटल म्हणजे एक लाख. उरले ७० क्विंटल. १,३०० ने विकले तर ९१,००० च होतात. लाख भरायला १,४२९ चा भाव लागतो, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के वाढ. घट शंभर क्विंटलवर मोजलेली आणि भरपाई करायची सत्तरातून. हे समजले की माणूस चाळ कधी फोडायची याचा वेगळा विचार करतो. २०१६ च्या जुलैत सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले तेव्हाही मी आण्णांना आधी जुन्या पट्टीवर ते शेकडा ४ कशाचे होते तेच दाखवले होते.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी वही घेऊन चुलीपाशी बसले आणि आईला तिचे ६० दिवस वाचून दाखवले. तिने तव्यावरची भाकरी उलटली, थोडा वेळ बोटांवर काही मोजले.

"लागणीचे धरलेस का? आठ दिवस होते ते."

मी खोडून ६८ केले. नफा १,८४० वर आला.